येसाजीरावांनी मोटार धुतली

घोडं विकत घेण्याआधी ते धुवायचं, हा येसाजीरावांचा नियम होता आणि म्हैसूरच्या महाराजांच्या रिसाल्यात तीस वर्षं त्यांनी तो पाळला होता. दलाल काय करतील याचा नेम नाही. म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीनं घासून त्याला तरणं करतील, लंगड्याला अफू चारून चार घटका नीट चालवतील, पांढरा डाग काळा करतील. म्हणून येसाजीराव कोमट पाणी मागवत, शिकेकाई मागवत, चार लिंबं कापून घेत आणि दलालाच्या देखत जनावर कानापासून खुरापर्यंत घासून काढत. कितीतरी दलाल पाणी तापायच्या आतच घोडं घेऊन पसार झाले होते.

तेव्हा एकोणीसशे बारा-तेराच्या सुमारास, दसरा आठ दिवसांवर आला असताना, लष्कर मोहल्ल्यातल्या त्यांच्या दारात एक काळी मोटार येऊन उभी राहिली आणि मुलगा वेंकोजीराव छाती फुगवून म्हणाला, "अप्पा, ही आपली होणार," तेव्हा म्हाताऱ्यानं पहिलं काय विचारलं असेल?

"धुतलीस का?"

"अय्यो अप्पा, मोटार आहे ही! घोडं नव्हे."

"विकणारा माणूसच आहे ना?" येसाजीराव म्हणाले आणि मोटारीभोवती एक फेरी मारून आले. चाकं बघितली, पितळी दिवे बघितले, वाकून पोटाखाली बघितलं. शेपटी कुठं आहे तेवढं विचारायचं बाकी ठेवलं.

वेंकोजीराव रस्ते-मोऱ्यांची लहानसहान कंत्राटं घेई. आज येलवालची मोरी, उद्या हुणसूरच्या वाटेवरचं तळं. घरच्या कस्तुरी नावाच्या घोडीला छकडा जोडून तो जाई आणि निम्मा दिवस रस्त्यातच संपे. मोटार म्हणजे त्याला मोठेपणाहून पोटापाण्याची गोष्ट होती. मोटार विकणारे जगन्नाथराव सरगूरचे जमीनदार. पावसाळ्यात त्यांच्याकडच्या चिखलात ही मोटार रुते आणि बैल लावून ओढून काढावी लागे, म्हणून ते तिला कंटाळले होते. शिवाय त्यांच्या बग्गीच्या काळ्या जोडीतला एक घोडा मेला होता. तसंच एकरंगी काळं जनावर शोधत ते वर्षभर हिंडत होते आणि ते त्यांना वेंकोजीरावाच्या छकड्याला जुंपलेलं दिसलं. त्यांनी सांगून टाकलं, पैशाचं सावकाश बघू, पण काळी घोडी मिळाली तरच मोटार.

वर मोटार चार दिवस इथंच ठेवून ते सरगूरला निघून गेले. जाताना म्हणाले, चालवून बघा, पसंत पडली तर पाचव्या दिवशी मी येतो, घोडी घेऊन जातो. हे ऐकताच येसाजीरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढी किमती वस्तू परक्याच्या दारात सोडून जाणारा माणूस? नक्की काहीतरी लपवतोय.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, कारण येसाजीराव ती आपणहून कधी सांगायचे नाहीत. कस्तुरी एकरंगी काळी नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी ती याच पागेत जन्मली, तेव्हा तिच्या कपाळाच्या मधोमध एक पांढरा ठिपका होता. घोड्यांत वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ठिपका अंगठ्याबाहेर येण्याइतका मोठा असला तर तो चांद. त्यात काही वाईट नाही. पण अंगठा ठेवल्यावर पुरता झाकला गेला तर ते जनावर खोडीचं, घरातलं माणूस खाणारं. असलं शिंगरू कुणी दारात ठेवत नाही. रानाच्या कडेला सोडून येतात, पुढचं बघायला वाघ असतो. येसाजीरावांनी ओल्या शिंगराच्या कपाळावर अंगठा ठेवला. ठिपका झाकला गेला.

त्या वेळी पागेत ते आणि त्यांची बायको गोदावरीबाई, दोघंच होती. शिंगरू लटपटत उभं राहिलं आणि त्यानं येसाजीरावांच्या तळहातात तोंड खुपसलं. दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मग गोदावरीबाई आत गेल्या आणि लोखंडी कढईत हिरडा उकळायला ठेवला. गंजलेल्या खिळ्यांबरोबर हिरडा उकळला की असा काळा रंग उतरतो की पाण्यानं जात नाही, शिकेकाईनं जात नाही. लिंबानं मात्र जातो. दलालांना रंगेहाथ पकडून पकडून येसाजीराव दलालांची विद्या पुरती शिकले होते.

तेव्हापासून दर पंधरवड्याला येसाजीराव ठिपका रंगवत. रंगवण्याआधी एकदा अंगठा ठेवून बघत, वाढला असेल म्हणून. दर वेळी तो अंगठ्याखाली जेमतेम का होईना, झाकला जाई. कस्तुरीच्या तोंडाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. घरातला हिरडा संपतो तो मामंजींच्या पोटाच्या तक्रारीमुळं, अशी सून गिरिजाबाईची समजूत होती. बिचारी त्यांना रात्री हलकं जेवण वाढी.

मग प्लेगात गोदावरीबाई गेल्या. तीन वर्षांपूर्वी गिरिजाबाईचा मल्हार गेला, दोन वर्षांचा, तीन दिवसांच्या तापात. त्याला पोचवून आल्यावर येसाजीराव सरळ पागेत गेले आणि कस्तुरीच्या कपाळावर अंगठा ठेवून उभे राहिले. तू नाहीस ना, असं त्यांना विचारायचं होतं.  त्या दिवसापासून शंकाही गेली नाही आणि घोडीवरची मायाही गेली नाही. दोन्ही छातीशी धरून म्हातारा जगत होता. जगातल्या सगळ्यांवर संशय घेणाऱ्या त्या माणसाचा सगळ्यात मोठा संशय त्याच्याच पागेत बांधलेला होता.

आणि आता कस्तुरी सरगूरला जाणार. तिथं कोण हिरडा उकळणार? पंधरा-वीस दिवसांत ठिपका वर येईल, जगन्नाथराव अंगठा ठेवतील, आणि सरगूरच्या पलीकडं तर रानच. हे टाळायचं तर खरं सांगायला हवं. खरं सांगायचं तर सुनेसमोर सांगायला हवं. येसाजीरावांना दोन्ही जमणारं नव्हतं. एकच वाट उरली: मोटारीत खोट काढायची आणि सौदा मोडायचा.

"सूनबाई," त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी हाक मारली, "रिठे भिजत घाल. चिंच काढ. आणि लिंबं किती आहेत घरात?"

गिरिजाबाईला मोटार मनापासून आवडली होती. माहेर येलवालला, मोटारीतून माहेरी जाऊन उतरायचं, एवढ्या विचारानंच तिला गुदगुल्या होत. मामंजी मोटार स्वच्छ करतायत म्हणजे त्यांनाही पटली, असं समजून तिनं हौसेनं सगळं मांडून दिलं. रिठ्याच्या फेसाची घागर, चिंचेचा कोळ, चुलीतली चाळलेली राख, नारळाचा काथ्या आणि धुवून धुवून मऊ झालेलं आपलं एक जुनं लुगडं फाडून त्याच्या चिंध्या. येसाजीरावांनी पागेतून खरारा आणला.

"खरारा बेडा, नको अप्पा!" वेंकोजीराव ओरडत बाहेर आला. "रंग जाईल!"

येसाजीरावांचे कान टवकारले. "जाईल? का जाईल?"

"लोखंडी दात आहेत त्याला, म्हणून जाईल!"

खरारा परत गेला, पण म्हाताऱ्यानं रंगाची गोष्ट मनात नोंदवून ठेवली.

आधी त्यांनी साधं पाणी मारून धूळ खाली काढली, कारण धूळ बसलेल्या अंगावर फडकं फिरवलं की ओरखडे उठतात. घोड्यालाही तेच, मोटारीलाही तेच. मग रिठ्याचा फेस. वरून खाली, एका बाजूनं, सावलीत. चाकांच्या लाकडी आऱ्यांना काथ्या. समोरच्या काचेला ओल्या वर्तमानपत्राचा बोळा आणि मागून कोरडा. संशयानं पछाडलेला असला तरी हात रिसाल्यातला होता, त्याला वाईट काम करता येत नसे. दुपारपर्यंत मोटारीत लष्कर मोहल्ला दिसायला लागला.

खोट मात्र दिसेना. म्हणून पितळी दिवे. गिरिजाबाई पदर खोचून चिंच आणि राख घेऊन बसली. देवाची उपकरणी घासणाऱ्या बाईला दिव्यांचं काय कठीण? पितळ उजळत गेलं तशी डाव्या दिव्याच्या कडेला एक पोचा दिसला.

"बघ!" येसाजीराव आनंदानं म्हणाले. "आपटलीय कुठंतरी. माणूस मेला असेल."

"मामंजी, आपल्या तपेल्याला याच्याहून मोठा पोचा आहे. त्यात कोण मेलं?"

येसाजीराव दुसऱ्या दिव्याकडं वळले. पण तिसऱ्या दिवशी त्यांना खरोखर घबाड मिळालं.

मोटारीच्या कापडी टपाला मागच्या बाजूला एक पिवळट डाग होता. येसाजीरावांनी राखेची निवळी घेतली, फडकं बुडवलं आणि डाग चोळला. चोळता चोळता डाग लाल झाला. चांगला लालभडक. म्हाताऱ्याच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"रक्त!" ते ओरडले. "वेंकोजी! वेंकोजी, बाहेर ये! रक्त लपवलंय यानं! वर पिवळा रंग दिलाय!"

वेंकोजीराव अर्धी दाढी करून धावत आला. शेजारचे दोघे कुंपणापाशी आले. येसाजीराव बोटानं दाखवत होते, आणि खरं सांगायचं तर मोटार दारात आल्यापासून त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. खुनाची मोटार! अशा मोटारीच्या बदल्यात कोण घोडी देईल?

गिरिजाबाई हात पुसत आली. तिनं डागाकडं बघितलं, वास घेतला आणि तोंडाला पदर लावला. हसू आवरेना.

"मामंजी, हळद आहे ती."

"लाल दिसतंय ते हळद?"

"राखेचं पाणी लागलं की हळद लाल होते. चुना लागला तरी होते. कुंकू कशाचं करतात मग?" तिनं आतून लिंबाची फोड आणली आणि डागावर पिळली. लाल रंग बघता बघता परत पिवळा झाला. "गेल्या खंडेनवमीला मोटारीची पूजा केली असेल त्यांनी. हळदीचे हात लागले असतील कुणा बाईचे."

शेजारचे दोघे हसत परत गेले. वेंकोजीराव हसला नाही. "सुम्ने, उगाच का असं करता, अप्पा?" तो साबण वाळलेल्या गालानं म्हणाला. "तीस वर्षांत मी एक वस्तू मागितली नाही तुमच्याकडं. ही तरी सुखानं घेऊ द्या."

 येसाजीरावांची नजर सुनेच्या हातातल्या लिंबाच्या फोडीवर होती.

चौथ्या दिवशी त्यांनी शेवटचा डाव टाकला. उजव्या चाकावरच्या पत्र्याची आतली कड लिंबानं घासली. काळा रंग ढळला नाही. पण कडेला एक टवका आधीच उडालेला होता आणि त्यात हिरवं काहीतरी दिसलं. येसाजीरावांनी नखानं कोरून बघितलं. हिरवंच. वर काळं, आत हिरवं! रंगवून विकणारा दलाल अखेर सापडला. रिसाल्यातल्यासारखे ताठ चालत ते आत गेले आणि मुलाला हाताला धरून घेऊन आले.

वेंकोजीरावानं टवक्याकडं बघितलं आणि कोटाच्या खिशातून एक कागद काढला. जगन्नाथरावांचं कन्नड पत्र होतं, मोटार आणून सोडण्याआधीचं. त्यानं मोठ्यानं वाचलं: "'मोटार पूर्वी एका मळेवाल्या साहेबाची होती. तेव्हा रंग हिरवा होता, मी काळा दिला. डाव्या दिव्याला पोचा आहे, गोठ्याच्या खांबाला लागली. पावसात टप एका जागी गळतो. आपल्याला आधी सांगून ठेवतो.' पुरे का? साकु आता अप्पा."

येसाजीरावांनी पत्र हातात घेतलं. त्यांना कन्नड वाचायला वेळ लागे, पण त्यांनी ओळ न् ओळ वाचली. आपल्या मालाची खोट आपणहून लिहून देणारा विकणारा त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता. त्यांना राग आला. कुणाचा, ते त्यांना कळेना. पत्र घडी करून त्यांनी परत दिलं आणि दिवसभर ते जेवले नाहीत. गिरिजाबाईला वाटलं, पोट बिघडलं असेल. तिनं हिरड्याचा डबा त्यांच्यापुढं आणून ठेवला. म्हाताऱ्यानं तो डबा असा दूर सारला की ती बघतच राहिली.

पाचव्या दिवशी सकाळी जगन्नाथराव आले. मोटारचालक आणि घोडी न्यायला एक मोतद्दार बरोबर होता. जगन्नाथराव जाडजूड, पान खाणारे, मोकळ्या तोंडाचे गृहस्थ. दारातली मोटार बघून ते रस्त्यातच थांबले.

"ही माझी? नोडप्पा, बघा तरी! दोन वर्षांत अशी दिसली नाही. कुणी केलं हे?"

"अप्पांनी," वेंकोजीराव म्हणाला. "आणि घरच्या मंडळींनी. रिठे, चिंच, राख."

"लिंबानंसुद्धा," गिरिजाबाई दाराआडून हळूच म्हणाली. "रंग खरा आहे का बघायला."

वेंकोजीराव कावराबावरा झाला, पण जगन्नाथराव पोट धरून हसले. "बरोबर केलंत येसाजीराव! माझे आजोबाही रिसाल्यातले. तेही कुणाच्या बापावर विश्वास ठेवायचे नाहीत. मग? सापडलं काही?"

"नाही," येसाजीराव म्हणाले. तो एक शब्द त्यांना फार जड गेला.

कस्तुरीला बाहेर आणलं. मोटारीजवळ ती उभी राहिली, दोन्ही काळ्या, दोन्ही उन्हात चकचकणाऱ्या. जगन्नाथराव चार पावलांवर उभे राहून तिच्याकडं बघत राहिले. तोंड उघडून दात बघितले नाहीत, खूर उचलला नाही. येसाजीराव वाट बघत होते. त्यांना वाटत होतं, हा आता लिंबू मागेल. मागितलं तर बरं, असंही कुठंतरी वाटत होतं.

"जनावर तपासून घ्या ना," शेवटी ते स्वतःच म्हणाले.

"तुमच्या हातची घोडी मी काय तपासू?" जगन्नाथराव म्हणाले. "ज्या माणसानं दुसऱ्याची मोटार अशी ठेवली, त्यानं आपली घोडी कशी ठेवली असेल ते मला कळत नाही होय? चल रे, घे दावं."

मोतद्दारानं दावं घेतलं. कस्तुरी चार पावलं गेली आणि थांबली. तिनं मान वळवली आणि येसाजीरावांच्या तळहातात तोंड खुपसलं, जन्मल्या दिवशी खुपसलं होतं तसं. तिला काय ठाऊक, कुठं नेतायत.

येसाजीराव ओट्याकडं गेले. काल उरलेली लिंबाची फोड तिथंच, चिंचेच्या वाटीजवळ होती. ती घेऊन ते परत आले, कस्तुरीच्या कपाळावरचे केस बाजूला सारले आणि घासायला लागले. कुणाला काही कळलं नाही. आधी काळं पाणी ओघळलं. त्यांनी फडक्यानं पुसलं, पुन्हा लिंबू घासलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा राखाडी दिसलं. पाचव्यांदा पांढरं. मग ते बाजूला झाले, आणि हातातली फोड टाकायचं त्यांना सुचलं नाही.

जगन्नाथरावांचं हसू हळूहळू मावळलं. ते पुढं आले, त्यांनी ठिपक्यावर अंगठा ठेवला. अंगठा जाडजूड होता. ठिपका नाहीसा झाला.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"नऊ वर्षं."

जगन्नाथरावांनी अंगठा धोतराला पुसला. "मी तुम्हाला दिव्याचा पोचा लिहून कळवला होता, येसाजीराव," ते सावकाश म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी चालकाला खूण केली. मोटारीचा दांडा फिरला, ती थरथरली, आणि लष्कर मोहल्ल्यात कधी दिसली नव्हती इतकी स्वच्छ मोटार सरगूरच्या रस्त्याला लागली. मोतद्दार मागच्या बाजूला पाय सोडून बसला होता.

वेंकोजीराव धूळ खाली बसेपर्यंत उभा होता. "चार दिवस तुम्ही त्यांच्या मोटारीत खोट शोधत होता," तो म्हणाला, आणि पायात चपला न घालताच फाटकाबाहेर निघून गेला.

येसाजीरावांनी कस्तुरीला पागेत नेऊन बांधलं आणि गवताच्या भाऱ्यावर बसले. घोडी वाचली होती. आता अख्ख्या म्हैसुरात तिला कुणी फुकटसुद्धा नेणार नव्हतं. पण त्यांना आनंद करायची हिंमत नव्हती, कारण दारात गिरिजाबाई उभी होती.

ती आत आली. घोडीपासून हातभर अंतरावर थांबली.

"मामंजी, मल्हार होता तेव्हाही हे असंच होतं?"

"होतं."

"सासूबाईंना ठाऊक होतं?"

"पहिला हिरडा तिनंच उकळला."

गिरिजाबाई घोडीच्या कपाळाकडं बघत राहिली. बोलली तेव्हा आवाज इतका बारीक झाला होता की येसाजीरावांना पुढं वाकावं लागलं. "तुम्हाला काय वाटतं? माझं लेकरू हिनं खाल्लं?"

दलालांना, शिपायांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना एका नजरेत गुन्हेगार ठरवणाऱ्या येसाजीरावांना कस्तुरीला मात्र कधी ठरवता आलं नव्हतं. "रोज वाटतं, सूनबाई," ते म्हणाले. "आणि रोज वाटतं, नाही. हिच्या पाठीवर बसवलं की तो किती हसायचा, ते तूही बघितलंयस. खोटं बोललो तुम्हा सगळ्यांशी. ही गेली असती तर मी मेलो असतो, म्हणून आज खरं बोललो. तुझ्यासाठी नाही बोललो. तेही सांगून टाकतो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

कस्तुरीनं मान खाली घातली. लिंबाच्या वासानं ती फुरफुरली. गिरिजाबाई दचकली, पण मागं सरली नाही. नऊ वर्षं या घोडीच्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडक होता. सात वर्षं या घरात नांदून तिनं कधी लावला नव्हता. तिनं हात पुढं केला, कपाळावरचे ओले केस सारले आणि पांढऱ्या ठिपक्यावर अंगठा ठेवला.

काढला. पुन्हा ठेवला, जरा दाबून.

"मामंजी, इकडं या."

येसाजीराव उठून गेले. गिरिजाबाईचा अंगठा लहानसा होता, चार दिवस चिंच-राखेनं घासून भेगाळलेला. त्याच्या चहूबाजूंनी पांढरी कड बाहेर दिसत होती, वर, खाली, दोन्ही अंगांना. नखाएवढी जागा राहिली होती.

"झाकत नाही," ती म्हणाली.

"अंगठा पुरुषाचा मोजतात, सूनबाई."

"कुणी सांगितलं?"

 येसाजीरावांना रिसाल्यातले जमादार आठवले, म्हातारे सिलेदार आठवले, स्वतःचे वडीलही आठवले. अंगठा ठेवायचा, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. कुणाचा, ते कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्या जगाच्या खऱ्याखोट्याची परीक्षा घेणाऱ्या त्या माणसानं हा एवढासा ठिपका नऊ वर्षं फक्त आपल्याच अंगठ्यानं मोजला होता.

"चांद आहे हा," गिरिजाबाई म्हणाली.  कस्तुरी उभी होती, आणि गिरिजाबाईनं अंगठा उचलला नाही.